लिंबोणीला ताजं पाणी नाही

होळीची राख थंड झाली की आमच्या कामरगावात घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, पंपाचं तोंड काडीनं साफ करायचं, बटन दाबून तो घुरघुरतो का ते कान देऊन ऐकायचं, हा आमचा उन्हाळ्याचा मुहूर्त. यंदा मीही कूलर उतरवला. खालून धरायला कोणी नव्हतं म्हणून त्याला दोरी बांधून हळूहळू सोडला, आणि तो जमिनीला टेकल्याचा आवाज आल्यावर सवयीनं विचारलं, "धरला का?" मग तसाच शिडीवर थोडा वेळ बसून राहिलो. माझी बायको विमल संक्रांतीच्या सुमारास गेली. तोंडाची सवय अजून गेलेली नाही.

विमलचं आणि कूलरचं कधी जमलं नाही. "हा असा पाहुना हाये का बादलीभर पानी पेते अन् परत काईच देत नाई," असं ती म्हणायची. घरात आलेल्या पाण्यानं काहीतरी परत दिलंच पाहिजे, हा तिचा कायदा. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भाजी धुवायची, ते पाणी गाळून त्यात खरकटी भांडी भिजवायची. कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी दुसऱ्या दिवशीच्या कपड्यांना पहिलं. पाय धुवायचे ते कुंडीवर उभं राहून. मी एस.टी.त कंडक्टर होतो, वेळेवर रिटायर झालो, सत्कार झाला, शाल मिळाली. आमच्या घरातल्या पाण्याला मात्र एका नोकरीवर रिटायर होण्याची सोय नव्हती.

ही शिस्त तिनं माहेराहून आणली नव्हती. ती एका उन्हाळ्यानं लावली. आता दर चैत्रात ऊन जरा तिरपं होऊन ओसरीत शिरलं की तोच उन्हाळा आठवतो, मधले सगळे जणू कोणी गाळून टाकलेत. तेव्हा माझे वडील होते, मुलगा मंगेश शाळेत जात होता, आणि बहीण तिची लेकरं घेऊन सुटीला आली होती. घर माणसांनी गच्च, आणि विहिरीच्या तळाशी नुसता ओला गाळ. नळ कधी येईल ते नळालाच माहीत. टँकर आला की बाया हातातलं पीठ न धुता धावायच्या, आणि टँकरच्या मागं जो चिखल व्हायचा त्यात चिमण्या आंघोळ करायच्या. गावात तेवढ्या चिमण्याच रोज स्वच्छ दिसत.

माझ्या गाडीत त्या दिवसांत माणसं कमी आणि पाण्याच्या कॅना जास्त. दांड्याला बांधलेल्या रिकाम्या कॅना वळणावर एकमेकींवर आपटून इतक्या वाजायच्या की "कुठं जायचं?" हे मला ओरडून विचारावं लागे. बाहेर काळी शेतं भेगाळून पडलेली, रस्त्याच्या कडेला पळस तेवढा लालभडक. परतीच्या फेरीत त्याच कॅना भरलेल्या असत आणि कोणी बोलत नसे. माणसं दोन्ही पायांमध्ये कॅन घट्ट धरून बसायची. झाकण सैल असलं तर गाडीभर ओल्या प्लास्टिकचा वास सुटायचा, आणि त्या वासानं मला तहान लागायची.

घरी आलो की मोरीत मोठं लोखंडी घमेलं मांडलेलं. आंघोळ करायची ती त्यात उभं राहून. एक थेंब फरशीवर गेला तरी विमलला आवाजावरून कळे. घमेल्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज वेगळा आणि फरशीवर पडणाऱ्याचा वेगळा, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी समजलं. वडिलांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. एकदा ते आतूनच ओरडले, "काय वं सूनबाई, मले म्हशीवानी घमेल्यात उभं करतं का?" ही चुलीपुढून म्हणाली, "म्हशीले सांगा लागत नाई मामाजी. तुमालेच सांगा लागते." वडील हसले की रागावले ते कळलं नाही, पण त्यानंतर पाणी घमेल्यातच पडू लागलं.

ते घमेलं ती उचलायची आणि मागच्या दारी परसात नेऊन ओतायची. साबण फक्त अंगाला, तोही जपून, भांड्यांना राख. सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी एकाच जागी पडायचं, आणि तापलेल्या मातीतून जो वास उठायचा तो घरभर येई. एवढ्या पाण्याचं ती करते काय, म्हणून एक दिवस मी मागं गेलो. तिथं काहीच लावलेलं नव्हतं. सरबताची पिळलेली लिंबं आम्ही त्याच कोपऱ्यात फेकत असू, आणि त्यातल्या एका बीनं गाव करपत असताना डोकं वर काढलं होतं. माझ्यामागून आलेल्या वडिलांनी एक पान तोडलं, बोटांत चुरगाळलं, हुंगलं आणि माझ्या नाकापुढं धरलं. "निंबुनी हाये लेका," ते म्हणाले. ते पान आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं हुंगलं. आता लिहिताना बोटं नाकाशी गेली होती.

मग साहजिकच त्या रोपाचे लाड सुरू झाले, निदान माझ्याकडून. डेपोतून मी रोज एक कॅन भरून आणत असे. एकदा तळाशी तांब्याभर पाणी उरलं ते मोठ्या मनानं रोपाला घालायला गेलो, तर विमलनं माझा हात वरच्या वर धरला.

"ताजं पानी नोका टाकू तिले."

"काहून?"

"चट लागन. उद्या तुमची ड्यूटी बदलली, कॅन आली नाई, मंग तिनं काय करा? वापरेल पानी पेईन तं घरात मान्सं हायेत तोवर तिले मरन नाई. मान्सं काय आंघोळ करनं सोडनार हायेत का?"

कंडक्टरला वाद घालायची सवय असते. रोज सुट्ट्या पैशांवरून शंभर माणसांशी भांडणारा मी त्या वेळी कॅन उचलून आत गेलो, कारण तिच्या बोलण्यात खोट काढायला जागाच नव्हती. लिंबोणीला ताजं पाणी नाही, हा नियम त्या दिवसापासून घरात लागू झाला. पुढं नळ नियमित झाला, बोअर झाली, छतावर काळी टाकी बसली, मंगेशनं नोकरी लागल्यावर धुण्याचं मशीन घेऊन दिलं. नियम तोच राहिला. मशीनचा पाईप तेवढा तिनं भिंतीला भोक पाडून घेऊन लिंबोणीच्या आळ्यात सोडला.

आणि लिंबोणीनं त्या वापरलेल्या पाण्याचं काय सोनं केलं म्हणता. उन्हाळ्यात गल्लीत कोणाला ऊन लागलं, कोणाचं पोट बिघडलं की पहिलं पोरगं आमच्याच दारात. विमल पदरात लिंबं घेऊन यायची आणि देताना हमखास म्हणायची, "आमच्या आंघोळीचं पानी हाये बरं का यात." लहान पोरं तोंड वाकडं करत आणि तरी लिंबं घेऊन जात.

मग वडील गेले. बहिणीची लेकरं मोठी झाली, सुटीला यायची थांबली. मंगेश पुण्याला. एकेक माणूस कमी होत गेलं तशी एकेक बादली कमी होत गेली, पण आम्ही दोघं होतो तोवर ते जाणवलं नाही. विमलच्या हातात काय होतं कोण जाणे, दोन माणसांच्या घरातून ती चार माणसांचं सांडपाणी काढायची.

आता मी एक आहे. एका माणसाचं सांडपाणी किती, ते एकटं राहिल्याशिवाय कळत नाही. एक ताट, एक वाटी, चहाचा एक कप. कुकरच्या सगळ्यात लहान डब्यात मूठभर तांदूळ, त्याचं धुवण म्हणजे जेमतेम एक गडू. मशीन भरायला माझे कपडे आठवडाभर साठवावे लागतात. आंघोळीची एक बादली. माणसं एकटेपणाचं काय काय सांगतात, रात्र खायला उठते म्हणतात, घर मोठं वाटतं म्हणतात. मला ते मोरीत कळलं. सकाळी नऊला मोरी कोरडी होते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कोरडीच राहते.

चैत्र अर्धा झाला तशी लिंबोणीची पानं वळायला लागली. आधी कडा मुरडल्या, मग पिवळी होऊन खाली पडू लागली. हरभऱ्याएवढी लिंबं धरली होती, ती वाऱ्याशिवाय गळत. आळ्यातली माती दगडासारखी झाली. मी दोनदा आंघोळ करू लागलो. एकदाच घातलेला सदरा धुवायला काढू लागलो. शेजारच्या सुनंदाची सासू ओट्यावरून सगळं पाहत असते. ती म्हणाली, "काय हो कंडक्टर, लगन जमून राह्यलं का कुठी? दोनदोनदा आंघोळ चालू हाये." मीही म्हणालो, "पोरगी पाहा तुमीच." ती हसली आणि मग एकदम हसायची थांबली, पदर सारखा करून आत गेली. मलाही तिथं उभं राहवेना.

टाकी भरलेली होती, पाईप भिंतीला गुंडाळलेला होता. वाचणाऱ्याला वाटेल, म्हाताऱ्याला काय वेड लागलं, तोटी सोडायला कितीसं लागतं. मंगेशही फोनवर हेच म्हणाला. "बाबा, पाईप सोडा न तिच्यात. पानी कमी हाये का आपल्याकडे?"

"तुझ्या आईनं ताजं पाणी कधी घातलं नाही तिला."

"आई आता पाहाले येनार हाये का?" तो बोलून गेला. पलीकडं कुठंतरी त्याच्या सोसायटीत लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज झाला. "तसं नाई बाबा," तो म्हणाला. मी म्हटलं, "समजलं रे." आणि खरंच समजलं होतं. त्याचं काही चुकलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी पाईप सोडवून लिंबोणीपर्यंत नेलाही. तोटीवर हात ठेवला. पण फिरवता येईना. इतक्या वर्षांत तिनं या घरात पाळायला लावलेल्या गोष्टींतली ही शेवटची. तिची भांडी मी हलवली, तिची औषधं टाकून दिली, तिच्या साड्या बहीण घेऊन गेली. एवढा एक नियम उरला होता, आणि तोही मीच मोडला तर ती घरातून पुरती गेली असं झालं असतं. आणि नियम पाळावा तर तिची लिंबोणी माझ्या डोळ्यांदेखत वाळत होती. दोन्हींतलं काय आधी मरू द्यायचं, ते मला ठरवता येत नव्हतं. पाईप परत गुंडाळून ठेवला.

मग सुचलं की सांडपाण्याला तोटा कुठं आहे? सुनंदाच्या घरात सासू, दीर, जाऊ, लेकरं, सगळी मोरी दिवसभर वाहती. ते पाणी सिमेंटच्या नालीतून माझ्याच फाटकापुढून जातं. दुसऱ्याच्या घरून आपण विरजण मागतो, चहाची साखर मागतो, गॅस संपला तर सिलिंडर मागतो. मोरीचं पाणी कोणी मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं. तरी बादली घेऊन गेलो.

सुनंदा अंगणात पापड वाळत घालत होती. "काकाजी, बोअर बिघडली का?" तिनं बादलीकडं पाहूनच विचारलं.

"नाही वं. बोअर चांगली आहे. तुमच्या आंघोळीचं पाणी फेकत जाऊ नको, मला देत जा. लिंबोणीला पाहिजे."

ती माझ्याकडं पाहतच राहिली. "हाव," म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला. घरी येऊन पाठ टेकतो तोच तिचा नवरा दोन्ही हातांत पाण्याच्या कळशा घेऊन दारात. घासून लख्ख केलेल्या, तोंडाला फडकं बांधलेल्या, प्यायच्या पाण्याच्या. मागून सुनंदा हंडा घेऊन. "काकाजी, बोअर आटली तं सरळ सांगा न. आंघोळीचं पानी कायले मांगता? आमी का परके हावो?" मी टाकी भरलेली आहे म्हणून सांगत राहिलो आणि ते दोघं मान हलवत राहिले, जशी एखाद्या स्वाभिमानी माणसापुढं हलवतात. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी झाली की कंडक्टरची बोअर गेली, मानी माणूस आहे, तोंडानं मागत नाही. अंधार पडायच्या आत आणखी दोन घरांतून पाणी आलं. आलेल्या पाण्याला नाही म्हणायची आमच्याकडं रीत नाही, त्यात माणसाचा अपमान होतो. माठ भरला, पितळी गंज भरले, पातेली भरली. त्या दिवशी माझ्या घरात गावातलं सगळ्यात चांगलं, गाळलेलं, ताजं पाणी काठोकाठ भरलं होतं, आणि लिंबोणीला द्यायला त्यातला एक पेलासुद्धा चालत नव्हता. मला हसू आलं. हसू आवरल्यावर कळलं की हे सांगायचं जिला, तीच नाही. ते सगळ्यात वाईट वाटलं.

अशात अखजी आली. बाकीचे अक्षय तृतीया म्हणतात, सोनं घेतात. आमच्याकडं हा पितरांचा दिवस. घरातलं माणूस गेलं असलं तर पहिल्या अखजीला त्याच्या नावानं घागर भरायची. कुंभाराकडून नवी मातीची घागर आणायची, ताजं पाणी भरायचं, वर आंबा ठेवायचा. भर उन्हाळ्यात वरच्या माणसाला तहान लागते, असं त्यामागचं साधं गणित. विमल सवाष्ण गेली, म्हणून तिच्या नावानं सवाष्ण जेवायला बोलवायची. मी सुनंदाला बोलावलं. पुरण मला येत नाही, ते तिच्याच सासूनं करून आणलं. रस मी काढला, कुरडया तळल्या, त्यातल्या अर्ध्या करपल्या.

घागर मी स्वतः भरली. नवी माती पाणी पीत होती, बारीक फुसफुस आवाज येत होता. देवळीपाशी पाटावर तांदळाच्या राशीवर ती ठेवली. हळद-कुंकूही मीच लावलं, एरवी हे काम नेहमी तिचं. हात जोडले, पण मंत्र येत नव्हता, म्हणून नुसतं म्हणालो, "पे वं. ताजं हाये." आयुष्यभर मी तिच्याशी असं एकेरी, लाडानं चारचौघांत बोललो नव्हतो. सुनंदानं ताटाकडं पाहत ते ऐकलं नाही असं दाखवलं.

तिचं जेवण झालं. ऊन उतरलं. ती घागरीकडं पाहून म्हणाली, "काकाजी, हे पानी कुठी टाकता?"

दरवर्षी आईवडिलांच्या घागरीचं पाणी विमल तुळशीत घालायची. पण आता तुळस नव्हती, ती तिच्यामागं आठवड्यातच गेली. मी घागरीवरचा आंबा उचलून बाजूला ठेवला.

"निंबुनीले टाका न," सुनंदा म्हणाली. "तिकडे वाळून राह्यली बिचारी."

"ताजं पाणी आहे ते."

"ताजं कुठी हाये आता?" ती ताट उचलता उचलता सहज म्हणाली. "काकूनं पेलं न थे."

मी घागर उचलली आणि मागच्या दारी गेलो. आळ्यातली माती आधी पाणी घेईना, वरून वाहून जात होतं. बोटांनी जरा उकरलं, मग आत गेलं. बऱ्याच दिवसांनी तो वास आला. मी तिथंच मातीत बसलो आणि रडलो. तेराव्याला सगळ्यांसमोर रडलो नव्हतो तेही त्यात आलं असेल.

अखजी वर्षातून एकदाच येते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागर पुन्हा भरली. विचारायला कोणी नव्हतं, आणि भर वैशाखात एका दिवसानं कोणाची तहान भागते का? तेव्हापासून रोज भरतो. पहाटे तोटी सोडून ताजं पाणी, देवळीपाशी पाटावर दिवसभर. दुपारी जेवताना माझ्या एका ताटाच्या समोर ती असते, आणि संध्याकाळी ऊन कललं की विमलचं वापरून झालेलं पाणी मी लिंबोणीला नेऊन घालतो. खोडाजवळ एका काडीला बारीक हिरवी टोकं दिसताहेत. झाड वाचेल का ते आत्ताच सांगता येत नाही; वरच्या फांद्या तर गेल्यातच.

मंगेशला सांगितलं नाही. तो म्हणेल, बाबा, रोज पितर कायले जेवू घालता, आईच्या जिवाला शांती लागू द्या. बरोबर आहे. लोक आपल्या गेलेल्या माणसासाठी तेच मागतात, तहान-भूक सगळी मिटू दे म्हणतात. मी मात्र रोज घागर ठेवताना हात जोडून एवढंच मागतो की, पाऊस लागेपर्यंत तरी विमलची तहान भागू नये.